राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या पहाटेपर्यंत: कोल्हापुरात लेंट कसा पाळावा

ईस्टर म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण आणि लेंट म्हणजे त्याआधीचा चाळीस दिवसांचा उपवासाचा काळ. ईस्टरची तयारी उलट्या क्रमाने करावी लागते. आधी ईस्टरची तारीख काढायची, मग तिच्यापासून मागे मोजत गुड फ्रायडे (येशूच्या मरणाचा दिवस), झावळ्यांचा रविवार (पाम संडे) आणि लेंट सुरू होतो तो राखेचा बुधवार. लग्न होऊन ख्रिस्ती घरात आलेल्या सुनेला, पुण्या-मुंबईत बरीच वर्षं काढून गावी परतलेल्या मुलाला, किंवा शेजारच्या घरात या दिवसांत नेमकं काय चालतं हे समजून घ्यायचं आहे अशा कुणालाही उपयोग व्हावा, म्हणून सगळं क्रमवार लिहिलं आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. यातली प्रत्येक रीत वेगळ्या काळी, वेगळ्या मुलखातून येऊन मिळालेली आहे. तेव्हा सगळंच करायला जाऊ नका. थोडं धरा, पण ते शेवटपर्यंत निभवा.

तारीख काढणं

भिंतीवरच्या कॅलेंडरात २१ मार्च शोधा. त्या दिवशी किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा पाहा. तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. पौर्णिमाच रविवारी आली, तर पुढचा रविवार. या हिशेबाने ईस्टर २२ मार्चच्या आधी आणि २५ एप्रिलच्या नंतर कधीच येत नाही.

कोल्हापूरकराला याहून सोपी खूण आहे. ही पौर्णिमा बहुतेक वर्षी चैत्री असते, म्हणजे जोतिबाच्या यात्रेची. डोंगरावर सासनकाठ्या नाचून उतरल्या की येणारा रविवार ईस्टरचा. २०२६ चंच बघा, चैत्र पौर्णिमा एप्रिलच्या पहिल्या दोन दिवसांत आणि ईस्टर ५ एप्रिलला. काही वर्षी मात्र हिशेब फाल्गुन पौर्णिमेवर जातो. २०२४ मध्ये झावळ्यांचा रविवार आणि होळी एकाच दिवशी, २४ मार्चला आली आणि गुड फ्रायडेच्या दुसऱ्याच दिवशी रंगपंचमी. आपल्या गावात रंगपंचमी म्हणजे काय असतं ते वेगळं सांगायला नको. २०२७ लाही ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे पवित्र आठवड्याच्या, ईस्टरआधीच्या शेवटच्या आठवड्याच्या, तोंडावरच होळी येणार. पोरांना आधीच विश्वासात घ्या.

पौर्णिमा का? येशूचं मरण वल्हांडण सणाच्या वेळी झालं आणि हा यहुदी सण निसान महिन्याच्या चौदाव्या दिवसाशी, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राशी बांधलेला आहे. आशिया मायनरमधल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) मंडळ्या, म्हणजे स्थानिक चर्च, तो चौदावा दिवसच पाळत, मग वार कोणताही असो. रोममधले लोक रविवारीच पुनरुत्थान साजरं करत. इ. स. १५५ च्या सुमारास तिकडच्याच स्मुर्णा शहराचे वयोवृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला गेले आणि तिथले बिशप अनिसेटस यांच्याशी त्यांची यावर चर्चा झाली. दोघांनीही आपला हेका सोडला नाही, पण प्रभुभोजन एकत्र घेऊन निरोप घेतला. मंडळीच्या सभेत वाद घालणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. पुढे ३२५ मध्ये निकियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने सगळ्यांनी रविवार धरायचा असं ठरवलं.

कॅलेंडरवाल्या युक्तीत एक अडचण आहे. चर्चची पौर्णिमा आकाशातली नसते, जुन्या कोष्टकातली असते. २०१९ मध्ये २१ मार्चला धुळवड झाली, आकाशात पौर्णिमाही तेव्हाच होती, पण कोष्टकात ती २० मार्चला पडली आणि ईस्टर महिनाभर पुढे, २१ एप्रिलला गेला. म्हणून स्वतः काढलेली तारीख मंडळीच्या पत्रिकेशी ताडून पाहायचीच. ऑर्थोडॉक्स चर्च बहुतेक ठिकाणी अजून जुन्या ज्युलियन गणितावर चालतात. २०२५ मध्ये दोन्ही ईस्टर २० एप्रिलला जुळले, २०२६ मध्ये एका आठवड्याचं अंतर पडलं.

आता ईस्टरपासून ४६ दिवस मागे जा, तो राखेचा बुधवार. २०२७ साठी १० फेब्रुवारी, २०२८ साठी १ मार्च. उपवास चाळीस दिवसांचा आणि मोजणी ४६ ची कशी, हे दरवर्षी कुणीतरी विचारतंच. मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत. प्रत्येक रविवार हाच पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास कसला!

चाळीसच का

सुरुवातीला चाळीस नव्हतेच. दुसऱ्या शतकाच्या शेवटी ल्योंचे बिशप इरेनियस यांनी लिहून ठेवलंय की ईस्टरआधी कुणी एक दिवस उपास करतं, कुणी दोन, कुणी सलग चाळीस तास. चाळीस दिवसांचा उल्लेख निकियाच्या परिषदेच्या पाचव्या नियमात येतो आणि पुढे अलेक्झांड्रियाचे बिशप अथानासियस आपल्या वार्षिक पत्रांतून लोकांना तो पाळायला सांगू लागतात. ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेणाऱ्यांची शिकवणी आणि उपास या काळात चाले, हळूहळू सगळी मंडळीच त्यांच्याबरोबर उपास करू लागली. आकड्यामागे शास्त्रातले, म्हणजे बायबलातले, दाखले आहेतच: मोशे सिनायवर चाळीस दिवस, एलीयाची होरेबपर्यंतची चाळीस दिवसांची वाट आणि येशूचे अरण्यातले चाळीस दिवस. सहाव्या शतकाच्या शेवटी पोप ग्रेगरी मात्र ३६ दिवसच मोजत होते. त्यांच्या मते ३६ म्हणजे वर्षाचा दशमांश. चाळीसची भरती करायला बुधवार ते शनिवार हे चार दिवस त्यानंतर जोडले गेले आणि म्हणून लेंट असा अधल्यामधल्या वारी सुरू होतो.

आपल्या मंडळीत काय चालतं ते विचारा

ही पायरी लोक गाळतात आणि मग घरात सासू-सुनेचं वाजतं. कोल्हापुरात एकच रीत नाही. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये इथे आले, पुढे हे काम प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनकडे गेलं. न्यू शाहूपुरीतलं वायल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. आता गंमत अशी की जुने प्रेस्बिटेरियन लेंट मानतच नसत. त्यांच्या परंपरेचं एक मूळ झुरिकमध्ये आहे. तिथे १५२२ च्या लेंटमध्ये एका छापखान्यातल्या लोकांनी मुद्दाम सॉसेज खाल्ले आणि धर्मसुधारक झ्विंगली यांनी प्रवचनातून त्यांची बाजू घेतली. शास्त्रात नाही तो उपास कुणावर लादायचा नाही, हे त्यांचं म्हणणं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन, बॅप्टिस्ट असे निरनिराळे प्रवाह एकत्र आले. त्यामुळे आज एकाच मराठी मंडळीत एका बाकावर चाळीस दिवस मटण सोडलेले काका आणि शेजारी काहीच न सोडलेले काका बसलेले दिसतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. कॅथलिक घरात मात्र नियम ठरलेले आहेत, ते पुढे देतो.

याच फेरीत पाळकांना किंवा फादरना तीन गोष्टी विचारून घ्या: राखेचा विधी आहे का, आठवड्यातली लेंटची भक्ती (उपासना) कोणत्या वारी आणि घरोघरी असेल तर आपल्या घरी कधी, आणि गुड फ्रायडेची वेळ. घरात लग्न काढलं असेल तर तेही आत्ताच बोला. लेंटमध्ये, निदान पवित्र आठवड्यात तरी, लग्न लावायला बरेच जण राजी नसतात. ईस्टरनंतर मग लग्नांची रीघ लागते आणि हॉल मिळत नाही.

राखेचा बुधवार

राख गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी वापरलेल्या झावळ्यांची असते. डोक्यावर राख घेणं ही पश्चात्तापाची खूण जुन्या करारापासून चालत आलेली आहे. १०९१ मध्ये बेनेव्हेंतोच्या धर्मसभेत पोप अर्बन दुसरे यांच्या पुढाकाराने ती पाश्चात्य चर्चमध्ये सर्वांसाठी झाली. कपाळावर क्रूस काढताना, तू माती आहेस आणि मातीलाच मिळणार आहेस, या अर्थाचं उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातलं वचन म्हणतात.

मंडळीत राख तयार करण्याचं काम तुमच्याकडे आलं तर असं करा. जुन्या झावळ्या आठवडाभर आधी गोळा करून उन्हात कडकडीत वाळवा. लोखंडी घमेल्यात, मोकळ्या जागी, थोड्या थोड्या जाळा. एकदम पेटवल्या तर अर्ध्या उडून जातात. पूर्ण थंड झाल्यावर खलात कुटा आणि पिठाच्या बारीक चाळणीने चाळून घ्या. राख फार करडी वाटली तर पूर्ण न जळलेला काळा भाग जास्त घ्या, कपाळावर तोच उठून दिसतो. राखेत पाणी घालून लगदा करू नका. ओली राख क्षारयुक्त होते. आपल्या आज्या तिने भांडी उगाच घासत नव्हत्या. कपाळावर ती तासन् तास राहिली तर कातडी भाजल्यासारखी होते, लहान मुलांची तर हमखास. कोरडी वापरा, नाहीतर दोन-चार थेंब खोबरेल किंवा ऑलिव्ह तेल मिसळा. शंभर माणसांना दोन-तीन चमचे राख पुरून उरते.

उपवास कसा धरायचा

मराठी घरात उपास म्हटलं की साबुदाणा भिजतो. लेंटचा उपवास त्या पंक्तीतला नाही. इथे पदार्थ चालतो की चालत नाही यापेक्षा भूक लागणं महत्त्वाचं. खिचडी, वडे, वेफर्स आणि वर केळ्याचं शिकरण झालं, तर ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हीच गत.

कॅथलिक नियम पोप पॉल सहावे यांनी १९६६ मध्ये सैल केले, तेव्हापासूनचा आराखडा साधारण असा आहे. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे सक्तीच्या उपवासाचे दोनच दिवस, ते १८ ते ५९ वयाच्यांना. त्या दिवशी एक वेळ पोटभर जेवण, बाकी दोन वेळा अगदी हलकं, दोन्ही मिळून एका जेवणाइतकं होऊ नये. मांस वर्ज्य, हे १४ वर्षांपुढच्या सगळ्यांना आणि लेंटच्या प्रत्येक शुक्रवारी. मासे आणि अंडी आता चालतात, पूर्वी अंडी-दूधही बंद असे. आजारी माणसं, गरोदर बायका यांना सूट आहे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण टाळू नये.

प्रोटेस्टंट घरात नियम आपला आपण ठरवायचा. कोल्हापुरात सोडण्यासारखी पहिली गोष्ट अर्थातच मटण. ज्या गावात पाहुणा आला की तांबडा-पांढरा ठरलेला, तिथे चाळीस दिवस मटण सोडणं हे तोंडी लावण्याइतकं सोपं व्रत नाही. पण जे आधीच आठवड्यातून चार दिवस शाकाहारी असतात त्यांनी मटण सोडून काय साधलं? त्यांनी चहा, तंबाखू किंवा रात्रीचा मोबाइल बघावा. ठरवताना तीन प्रश्न पुरे: रोज आठवण येईल अशी वस्तू आहे का, ती सोडल्याने घरातल्या दुसऱ्याचं काम वाढतं का, आणि वाचलेले पैसे कुठे जाणार? या तिसऱ्या प्रश्नावर माझा भर आहे. यशयाच्या ५८ व्या अध्यायात उपवास म्हणजे भुकेल्याला आपल्या भाकरीतलं देणं असं स्पष्ट आहे. एक पाकीट करा, मटणाचे वाचलेले पैसे त्यात टाका आणि ईस्टरला ते मंडळीच्या दानात किंवा सीपीआर या सरकारी रुग्णालयातल्या एखाद्या गरजू रुग्णाच्या औषधाला द्या. सुनेवर मात्र काही लादू नका. नवरा-बायकोपैकी एकानेच सोडलं असेल तर घरात दोन भाज्या करायला लावू नयेत.

शेजाऱ्यांचं काय करायचं हाही प्रश्न येतोच. लेंटमध्ये होळीची पोळी, पाडव्याचं श्रीखंड, कधी रमजानची इफ्तार, सगळं समोर येतं. प्रेमाने आलेलं ताट परत पाठवू नये. घासभर घ्यावं, उरलेलं घरातल्या इतरांना द्यावं. येशूने मत्तयाच्या सहाव्या अध्यायात, उपास करणाऱ्याने डोक्याला तेल लावून तोंड धुवावं, लोकांना कळू देऊ नये, असं सांगितलं आहे. ‘माझा लेंट आहे’ असं दारात उभं राहून जाहीर करण्यापेक्षा हे सोपं.

मधल्या आठवड्यांत विशेष काही नसतं. कॅथलिक चर्चमध्ये जांभळा रंग दिसतो, आलेलूया हा स्तुतीचा घोष गायला जात नाही, शुक्रवारी क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या वधस्तंभाकडच्या वाटचालीची टप्प्याटप्प्याने प्रार्थना होते. तिचे चौदा टप्पे पोप क्लेमेंट बारावे यांनी १७३१ मध्ये कायम केले. घरी रोज मार्ककृत शुभवर्तमान थोडं थोडं वाचलं तरी १६ अध्याय आरामात होतात. दहावीची परीक्षा याच दिवसांत येते, तेव्हा मुलांना घरच्या प्रार्थनेपुरतं बसवा आणि सोडा.

झावळ्यांचा रविवार ते गुरुवार

झावळ्यांसाठी शनिवारी सकाळपर्यंत थांबू नका. नारळाची झाडं साफ करणाऱ्याला आठवडाभर आधी सांगून ठेवा, त्याच्याकडे कोवळी पिवळसर पानं मागा. क्रूस वळायला जून हिरवी पानं उपयोगाची नाहीत, मोडतात. रात्रभर ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवली की मऊ राहतात. या मिरवणुकीचं जुनं वर्णन एजेरिया नावाच्या यात्रेकरू बाईने लिहून ठेवलं आहे. चौथ्या शतकाच्या शेवटी ती यरुशलेमला होती, तिथे जैतुनाच्या डोंगरावरून लोक झाडांच्या डहाळ्या घेऊन, कडेवर पोरं घेऊन शहरात उतरत. मंडळीच्या आवारातच फेरी काढणार असाल तर प्रश्न नाही, रस्त्यावर काढायची असेल तर पोलीस ठाण्यात आधी अर्ज द्या.

गुरुवारी शेवटचं भोजन. योहानाच्या तेराव्या अध्यायाप्रमाणे बऱ्याच ठिकाणी पाय धुण्याचा विधी असतो. ज्यांचे पाय धुणार त्यांना आदल्या दिवशी सांगावं, ऐनवेळी कुणी पुढे येत नाही. गुरुवारची सुट्टी नसते, भक्ती संध्याकाळी उशिरा असते, त्यामुळे कामावरून थेट जाता येतं.

गुड फ्रायडे

सुट्टी असते, पण हा सण नव्हे. शेजाऱ्यांनी आणि व्हॉट्सअॅपवाल्यांनी ‘हॅपी गुड फ्रायडे’ पाठवू नये. काहीच नाही पाठवलं तरी चालतं.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत दुपारी बारा ते तीन अशी तीन तासांची भक्ती असते, येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर. ही पद्धत कुठून आली हे ऐकून आपले जुने मिशनरी चकित झाले असते. ती पेरू देशातल्या लिमा शहरातली. तिथल्या आलोन्सो मेसिया या जेझुइट (कॅथलिक संघाच्या) पाद्र्यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस ती सुरू केली, तिथून युरोपात गेली आणि पुढे प्रोटेस्टंटांनीही उचलली.

सात उद्गार सात जणांना वाटून देतात. तुमच्या वाट्याला आला तर वचनं ही: पहिला लूक २३:३४, दुसरा लूक २३:४३, तिसरा योहान १९:२६-२७, चौथा मत्तय २७:४६, पाचवा योहान १९:२८, सहावा योहान १९:३०, सातवा लूक २३:४६. गीतं, प्रार्थना धरून एकाच्या वाट्याला पंचवीस मिनिटं येतात, त्यात बोलणं बारा मिनिटांच्या वर नेऊ नका. आपलाच उद्गार बोला. दुसरा उद्गार मिळालेला माणूस सातव्यापर्यंत सगळं सांगून मोकळा होतो आणि पुढच्या पाच जणांना काही उरत नाही, हे दरवर्षी होतं. चौथा, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’, सगळ्यात अवघड आहे. तो नवख्याला देऊ नये. आणि तिथे २२ वं स्तोत्र आधी वाचून जा, कारण तो उद्गार त्याची पहिली ओळ आहे.

एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली तीन तास बसायचं असतं. साधे सुती कपडे घाला, पाण्याची बाटली जवळ ठेवा. उपवास असला तरी पाणी प्यायला कुणाची हरकत नाही. म्हाताऱ्यांना दाराजवळ बसवा. मध्येच उठायचं झालं तर गीत चालू असताना उठा.

कॅथलिक चर्चमध्ये दुपारी तीनच्या सुमारास विधी होतो, मिस्सा (नेहमीची प्रभुभोजनाची उपासना) होत नाही. दुःखसहनाचं वाचन, क्रूसवंदन आणि आदल्या रात्री अभिमंत्रित केलेला ख्रिस्तप्रसाद. वेदी उघडी असते, घंटाही वाजत नाही.

शनिवार आणि ईस्टरची पहाट

शनिवारी सकाळी लवकर दफनभूमीत जाऊन आपल्या माणसांच्या कबरी साफ करा. विळा, खराटा, बादली आणि चुन्याचा डबा घरून न्या. गवताखाली विंचू-साप असू शकतात, हाताने उपटू नका. फुलं त्याच दिवशी आणून ओल्या फडक्यात ठेवा, रविवारी पहाटे मिळतीलच असं नाही.

त्याच रात्री कॅथलिकांचा ईस्टर जागर. अंधारात नवा अग्नी, त्यावर पेटवलेली मोठी मेणबत्ती, मग बाप्तिस्मे. हा विधी कित्येक शतकं शनिवारी सकाळीच उरकला जाई, १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी तो परत रात्री आणला.

प्रोटेस्टंटांची पहाटेची भक्ती जर्मनीतल्या हेर्नहूट गावच्या मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांपासून पसरली. १७३२ मध्ये तिथले काही तरुण ईस्टरला सूर्योदयाआधी गावच्या दफनभूमीत जाऊन गायले. स्त्रिया पहाटे कबरीकडे गेल्या, त्याचीच ही आठवण. कोल्हापुरात या दिवसांत सूर्य सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान उगवतो, म्हणजे साडेपाचला जागेवर पोचावं लागतं. चारचा गजर लावा. ‘प्रभू उठला आहे’ असं कुणी म्हटलं की ‘खरोखर उठला आहे’ असं उत्तर द्यायचं. आणि हो, आता शुभेच्छा द्यायला शेजाऱ्यांना पूर्ण मुभा.

अंड्यांचं मूळ साधं आहे. लेंटमध्ये अंडी बंद, कोंबड्या काही थांबत नाहीत, साठलेली अंडी ईस्टरला निघायची. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाने १२९० मध्ये वाटायला ४५० अंडी सजवून घेतल्याची नोंद आहे. घरी रंगवायची तर पांढरी अंडी घ्या, गावरान अंड्यावर रंग नीट चढत नाही. आठ-दहा अंड्यांना चार-पाच मुठी कांद्याची टरफलं, अंडी बुडतील इतकं पाणी आणि दोन चमचे व्हिनेगर. मंद आचेवर बारा मिनिटं उकळा आणि त्याच पाण्यात थंड होऊ द्या. सुरेख तांबूस रंग येतो. हळदीने पिवळा. वरून तेलाचं बोट फिरवलं की चमक येते. उन्हाळा आहे, उकडलेली अंडी फ्रीजबाहेर दोन तासांवर ठेवून खाऊ नका. ससा मात्र जर्मनीकडून आलेली हौस. ठेवली तर पोरं खूश, नाही ठेवली तर बिघडत नाही.

दुपारी मटण. चाळीस दिवस सोडलं असेल तर पहिल्याच पंक्तीत ताटभर चापू नका, पोट कुरकुरतं. खाटकाकडे रविवारी रांग असते, शनिवारीच सांगून ठेवा.

ईस्टर इथे संपत नाही. तो पन्नास दिवस चालतो: चाळिसाव्या दिवशी, गुरुवारी, येशूचं स्वर्गारोहण आणि पन्नासाव्या दिवशी पेन्टेकॉस्ट, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याचा सण. २०२७ मध्ये या तारखा ६ मे आणि १६ मे अशा येतात. तेव्हा शाळेला सुट्टी लागलेली असते आणि अर्धी मंडळी गावी गेलेली असते. तुम्हीही जाणार असाल तर तिथल्या मंडळीत आधी फोन करून वेळ विचारा, उन्हामुळे मे महिन्यात भक्ती बऱ्याच ठिकाणी लवकर ठेवतात.